हॉल आणि स्वैपाकघर यांच्यामधली भिंत

८ ऑक्टोबर, बुधवार

आज पुन्हा तो डिझायनर आला, संभाजीनगरहून. हातात टॅब, केसांना जेल, बुटात मोजे नाहीत. बंगल्याचं बांधकाम उरकलं, आता म्हणे 'इंटेरिअर'. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "थ्रीडी बघा ना मॅडम". म्हणून मी त्याचं नावच थ्रीडी ठेवलं आहे.

हॉल आणि स्वैपाकघर यांच्यात भिंतच नाही. विचारलं, "इथली भिंत विसरलात का?"

"ओपन किचन आहे मॅडम. पुण्यात सगळे हेच करतात."

पुण्यात हॉलमध्ये नवरा, बायको आणि फार तर एक कुत्रं असतं. आमच्या हॉलमध्ये चूळ भरल्यापासून जेवणवेळेपर्यंत पुरुषांचा बाजार भरलेला असतो. तंबाखू मळत, फोनवर ओरडत. कारण आमची सून शीतल गावची सरपंच आहे. म्हणजे कागदावर. महिलांसाठी जागा राखीव झाली तेव्हा आमच्या राजेंद्रनं (यापुढे रा., एवढं नाव लिहायला बोटं दुखतात) बायकोला उभं केलं. निवडून ती आली, हार याच्या गळ्यात पडले. बैठका हा घेतो, चहा ती करते. आता तो चहाही तिनं त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहून करायचा? जुन्या घरात निदान मध्ये एक पडदा तरी आहे.

सांगून टाकलं. भिंत पाहिजे. स्लॅबपर्यंत, दारासकट.

९ ऑक्टो.

माझी खोली. 'पेरेंट्स बेडरूम' असं लिहिलंय. बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन, आरशासारखी गुळगुळीत फरशी आणि दार आत उघडणारं.

"लक्झरी फील येतो मॅडम."

म्हटलं, "बाबा, मी सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून रिटायर झाले. म्हातारं माणूस बाथरूममध्ये पडतं ते नेमकं दाराला आडवं पडतं. मग तुझं दार आत ढकलायचं कसं? माझ्या अंगावरून?"

थ्रीडीनं पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं. दार बाहेर उघडणार, खोलीचंही. फरशी खरखरीत. काच गेली. ही एक लढाई जिंकली.

११ ऑक्टो.

देवघर. मागच्या भिंतीवर ॐ, त्याच्यात दिवे, ते दिवे रंग बदलतात. लाल, निळा, हिरवा. हे देवघर आहे की वरातीतली डीजेची गाडी?

नातीची खोली संपूर्ण गुलाबी. नातीला गुलाबी आवडत नाही. तिला कोणी विचारलं? कोणी नाही.

स्वैपाकघरात सगळ्या ट्रॉल्या. विचारलं, ज्वारी कुठे ठेवायची? त्यानं एक ड्रॉवर ओढून दाखवला, पाच किलोचा डबा बसतो म्हणाला. आमच्याकडे ज्वारी डब्यानं येत नाही, पोत्यानं येते. तो हसला. मी हसले नाही.

हॉलला फॉल्स सीलिंग. उंदरांना वरचा मजला फुकट.

१३ ऑक्टो.

भिंतीवरून रा.शी भांडण. जेवताना.

"आई, कॉन्व्हेंटात शिकूनशान लई मागास हायस तू. समद्या मोठ्या घरात ओपनच असतंय."

"मोठ्या घरात तुझ्या कार्यकर्त्यांसारखे लोक पण असतात का?"

"त्यांचा काय संबंध?"

"तुझी बायको भाकरी थापणार आणि ते बघत बसणार. हा संबंध."

शीतल वाढत होती. वरण रा.च्या ताटात जरा जोरातच पडलं. मला वाटलं, माझ्या बाजूनं.

१५ ऑक्टो.

रा. आज अचानक कबूल. बाप्पा नावाचा त्याचा उजवा हात बसला होता (दुसरं काम काय त्याला). तोच म्हणाला, "काकूंचं बराबर हाय भाऊ. आतलं आत ऱ्हावं, बाहीरचं बाहीर." रा. लगेच म्हणाला, ठीक हाय, होऊ द्या भिंत.

चला. बाप्पालाही कधीतरी अक्कल सुचते.

थ्रीडीला फोनवर सांगितलं तर कळवळला. "मॅडम, पूर्ण कन्सेप्टच जातो." जाऊ दे. कन्सेप्टला फोडणीचा ठसका लागत नाही.

१७ ऑक्टो., शुक्रवार

हनुमंत मिस्त्रीनं भिंत धरली. चकलांब्याचा माणूस, हात बरा आहे, फक्त तोंडात सतत काहीतरी असतं. हाताखाली एक जोडपं. ती विटा देते, तो माल कालवतो.

दुपारी शीतल आली. उभी राहिली. विचारलं, "मिस्त्री, कुठवर जाणार ही?"

"स्लॅपपर्यंत की, वैनी. बाईंनी सांगितलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गेली. रात्रीच्या जेवणापर्यंत तोंड शिवलेलं. आजकालच्या मुली. फोनवर फोटो बघायचे आणि तसं घर नाही मिळालं की रुसायचं. मी हिच्या अब्रूसाठी भांडते आहे आणि ही माझ्यावरच

(नातीनं पेन पळवलं. असो.)

१८ ऑक्टो.

काम बंद! मिस्त्री एकटाच आला, डोकं खाजवत.

"बाई, जोडी गेली उसाला. मुकादमाची गाडी काल सांजच्यालाच आलती."

"दिवाळी दोन दिवसांवर आली आहे!"

"कारखाना दिवाळी बघतो व्हय?"

भिंत माझ्या कमरेच्या थोडी वर येऊन थांबली आहे. ना भिंत, ना काही. दुसरे मजूर बघ म्हटलं. "आता मानूस कुठं घावतंय? निम्मं गाव फडात." मग तोही गेला, दिवाळी झाल्यावर बघू म्हणत.

शीतल सांगत होती, ती बाई जाताना भेटायला आलेली. लेकीला सोबत नेलं. तिसरीतली पोर. शीतल म्हणाली, "पोरीला कावून नेतीस? शाळेत ठेव की." तर ती म्हणाली, "कुठं ठेवू वैनी? खोल्यांवर पत्रं कुठं हायत?"

शाळेच्या मागच्या दोन खोल्या. हंगामात आईबाप उसाला गेलेली मुलं तिथे राहायची. वाऱ्यानं पत्रे उडाले ते उडालेच.

२२ ऑक्टो.

पाडवा. रा.ला ओवाळायला शीतल, फोटो काढायला बाप्पा. फोटोखाली 'सरपंच राजाभाऊ यांच्या निवासस्थानी'. ज्याच्या हातात ताम्हन तीच सरपंच आहे, हे फोटोत कुठे दिसत नाही.

२४ ऑक्टो., शुक्रवार

आज फुटलं.

अर्ध्या भिंतीवर धूळ बसू नये म्हणून मी पोतं टाकत होते. शीतल मागून म्हणाली, "आत्या," (ती मला आत्याच म्हणते) "हे ओपन किचन थ्रीडीनं न्हाई काढलं. मी सांगितलं होतं त्याला."

"तू?"

"जुन्या घरात पडद्यामागं सगळं ऐकू येतं. कुणाच्या नावावर विहीर टाकली, कुणाला पाइपलाइन, काय ठरलं. चहा करता करता ऐकते. मग सहीला कागद आला की मला म्हाईत असतं, कशावर करतेय. न्हाईतर हे ओट्यावर कागद ठेवतात, बोट ठेवतात, 'इथं कर' म्हणतात. ही भिंत वर गेली तर मला माझ्याच गावाचं काही कळणार न्हाई."

"हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही माझ्या वतीनं भांडत होता."

मग जाताना एवढंच म्हणाली, "बाप्पा उगंच न्हाई तुमच्याकडनं बोलला."

भयंकर राग आला. तिचा, की बाप्पाचा, की... लिहीत नाही. वरणात मीठ दोनदा पडलं.

२७ ऑक्टो.

रा.ला सांगितलं, भिंत पाडून टाक, किमान आहे तेवढीच राहू दे.

"आई, तूच म्हनली होतीस."

"मग मीच सांगते आहे, नको."

"आता न्हाई. मिस्त्री घावला की स्लॅपपर्यंत न्यायची. बाया ऐकत असल्या की मान्सं मोकळेपणी बोलत न्हाईत."

"तिनं ऐकू नये, असं तू बोलतोस काय तिथे?"

"तसं न्हाई बे," म्हणाला. मला! आईला 'बे'! कार्यकर्त्यांत राहून हे असं होतं. नंतर जीभ चावली, पण चावलेली जीभ काय कामाची.

मोकळेपणी बोलायचं ते काय, तेही कळलं. गावाच्या वेशीवर कमान बांधायची आहे. त्यावर नाव. अर्थात शीतलचं नव्हे. शाळेचे पत्रे पुढच्या वर्षी. उडालेल्या पत्र्यांना पुढचं वर्ष म्हणजे काय ते कळत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

वास्तुशांती. घर अर्धवट, पण गुरुजींचा मुहूर्त पूर्ण. अर्ध्या भिंतीला झेंडूचं तोरण लावलं, जणू लग्नाचं बोहलं. आलेल्या बायका विचारत होत्या, "हे नवं फॅशन हाय का?" मी हो म्हटलं. कोणाकोणाला समजावणार?

तलवाड्याहून माझ्या वर्गातली मैत्रीण आली होती. आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या एकाच वसतिगृहात, सिस्टरांच्या धाकात. ती म्हणाली, "तुला आठवतं, आपल्या जेवणघराला नि अभ्यासिकेला मध्ये नुसता कठडा होता? वाढणाऱ्या मुलींनाही सगळं ऐकू यायचं." मला आठवत नव्हतं. तिच्या लक्षात राहिलं, कारण वाढायची पाळी नेहमी तिच्यावर यायची. माझ्यावर कधी का आली नाही, कोण जाणे.

५ नोव्हें., बुधवार

नव्या हॉलमधली पहिली बैठक. मी माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून बसले. (बाहेर उघडतं, छान उघडतं.)

सगळे नव्या सोफ्यावर अवघडून. सोफा इतका खोल की बाप्पाचे पाय जमिनीला टेकेनात. मग बहुतेक जण खाली सतरंजीवर येऊन बसले. थ्रीडीनं हे थ्रीडीमध्ये दाखवलं नव्हतं.

बाप्पानं नेहमीसारखी हाक मारली, "वैनीसाहेब, च्या हुईल का?"

शीतलनं ट्रे अर्ध्या भिंतीवर ठेवला. "हाये. घ्या हातानं."

कोणी उठेना. मग एक म्हातारे उठले, कप घेतला. मग रांग लागली. रा.चा चेहरा मुहूर्त टळल्यासारखा.

कमानीचं बोलणं सुरू झालं. रंग, दगड, नाव कुठल्या बाजूनं दिसणार. शीतल पदर नीट करून भिंतीवर दोन्ही हात टेकून उभी. मी तिला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नाही.

"शाळेच्या पत्र्यांचं काय ठरलं?"

कोणीतरी फुर्रकन चहा ओढला.

रा. म्हणाला, "आपण नंतर बोलू."

"नंतर कावून? समदे इथंच हायत. पोरं उसाच्या फडात गेलीत. सही माझी लागती, तर मला आत्ताच सांगा."

बाप्पा हसला, "वैनीसाहेबांनी मीटिंगच ताब्यात घेतली की भाऊ." बाकीचे हसले नाहीत. चहा घेतलेले म्हातारे म्हणाले, "बाई इचारती ते खोटं न्हाई."

ठरलं काहीच नाही. पण आज कुणी ओट्यावर कागद आणून ठेवला नाही.

संध्याकाळी रा.नं धारूरच्या मिस्त्रीला फोन केला. मोठ्यानं केला, आम्हाला ऐकू जावा म्हणून. त्याच्याकडे त्याचे मजूर आहेत. रविवारी येतो म्हणाला. सोमवारी भिंत वर.

६ नोव्हें.

शेवटी थ्रीडीला फोन केला. मी. स्वतःहून.

"अशी अर्धी भिंत असते, तिच्यावर दगड टाकतात, लोक पलीकडे बसून बोलतात, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"ब्रेकफास्ट काउंटर, मॅडम!" पोराचा आवाज असा फुलला की मलाच कसंतरी झालं. "ग्रॅनाइट टॉप टाकला ना, की भिंत वर नेताच येत नाही. लुक एकदम—"

"लुक राहू दे. दगड कधी मिळेल?"

आतापर्यंत त्याला जे जे बोलले ते मागे घेतलेलं नाही. ॐ अजूनही डीजेच आहे.

८ नोव्हें., शनिवार

ग्रॅनाइट आला. टेम्पोवाल्यानं अंगणात उतरवला, कुंपणाच्या भिंतीला टेकवून. रा.नं पाहिलं. शेजारी त्याच्या विटांचा ढीग.

"आई, हे काय?"

"काउंटर. पुण्यात सगळे हेच करतात."

"तू कोणाच्या बाजूची हायस?"

ते मलाही नीट माहीत नाही. मी एवढंच म्हटलं, की मेट्रन असताना डॉक्टरांच्या राउंडला, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच पेशंटला दाराबाहेर उभं केलेलं मी कधी चालवून घेतलं नाही.

"घर माझं हाय," म्हणाला. आवाज चढला नव्हता. तेच वाईट.

"गाव तिचं आहे," म्हटलं.

तो निघून गेला. जेवायला आला नाही, बाप्पाकडे जेवला.

मिस्त्री उद्या येणार. विटाही अंगणात, दगडही अंगणात. जो आधी सांगेल त्याचं तो ऐकणार; मिस्त्री लोकांची जातच तशी. मी ठरवलं होतं, उजाडताच फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचं आणि त्याला आत पाऊल ठेवू न देता सांगायचं. वाक्यंही तयार होती. चांगली, धारदार.

शीतल भांडी लावत होती. न बघता म्हणाली, "आत्या, उद्या तुम्ही बोलू नका. मिस्त्रीशी मीच बोलते. ह्यांच्या समोर."

या घरात मला गप्प बस म्हणणारं आजवर कोणी निपजलं नव्हतं.

तरी खुर्ची टाकणारच. बसायला मनाई नाही.