पळस पाह्यला का?

रिठद, फाल्गुन १९७४

प्रिय प्रयाग,

तुला जाऊन वर्ष झालं. हात थरथरतात, म्हणून आज आपली जुनी मोटारसायकल विकली. तुला बसायला, धूळ लागू नये म्हणून सुताराकडून बाजूला जोडून घेतलेला उंच फळ्यांचा डबा गाडी घेणाऱ्या रामकिसनने नेला नाही. म्हणाला, "मास्तर, हा तुमालेच राहू द्या."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्यात बसलो.

वाशीमच्या वाटेवर मी कविता म्हणता म्हणता ओरडायचो, "पळस पाह्यला का?" तू म्हणायचीस, "पाह्यला जी, लय फुलला."

प्रयाग, आत बसलं की फळ्यांआडून पळस दिसतच नाही. चालवणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसत असणार. आज तिथं नुसतं आभाळ होतं.

ज्याला उशिरा कळलं तो,
तुझा मास्तर