किल्ली कुणाकडे?

दि. २ एप्रिल

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही काळजीने भरून काढता, म्हणून हे पत्र. आधी चष्मा पुसा, बातमी चांगली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मला दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक, परदेशातल्या विद्यापीठाच्या आवारात सहा आठवडे राहून शिकायचं. दुसरा वर्ग त्याच विद्यापीठाच्या नावाचा, पण ऑनलाइन, घरीच पडद्यासमोर. विषय दोन्हीकडे एकच, गुप्तलेखनाचं गणित. म्हणजे तुम्ही दाराला कुलूप घालता, तसं निरोपाला कसं घालायचं ते.

मला जायचंच आहे. ऑनलाइन म्हणजे लग्नाला न जाता जेवणाचं वर्णन ऐकण्यातला प्रकार. आई-बाबा म्हणाले, तुझं तू ठरव, पण आजोबांना विचारल्याशिवाय कळवू नकोस. मुदत वीस तारखेची आहे. लवकर हो म्हणा.

माया आहे तशीच ठेवा, काळजी थोडी कमी करा.

तुमची,
भिंगरी

---

दि. ५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आनंद झाला आणि काळजीही वाटली. मी चौथी पास. विद्यापीठ मी बाहेरूनच पाहिलंय, तेही फाटकाचं कुलूप अडकलं म्हणून बोलावलं होतं तेव्हा. पण चाळीस वर्षं कुलपांत गेली. कुलूप कितीही भारी असलं तरी मी आधी एकच विचारतो, किल्ली कुणाकडे असते? त्यावरून घर कुणाचं ते कळतं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी समोरच्या टायपिंगवाल्याकडून विद्यापीठाच्या वसतिगृहाला ईमेलने पत्र धाडलं. चौदा प्रश्न आहेत. खोलीला आतून कडी आहे का, जिन्यात दिवा असतो का, ताप आला तर कुणाला उठवायचं, आणि खोलीची दुसरी किल्ली कुणाजवळ असते. टायपिंगवाला म्हणाला, बाबा, नात शिकायला चाललीय, तिजोरी नव्हे. मी म्हटलं, तू टाईप कर.

रागावू नकोस. जेवत जा.

आशीर्वाद देणारा,
आजोबा

---

दि. ८ एप्रिल

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

चौदा प्रश्न! लाजेने मी उशीत तोंड खुपसून बसले. आई हॉस्पिटलच्या वॉर्डातून घरी आली, तिला सांगितलं, तर ती हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. म्हणाली, माझ्या लग्नाआधी तुझ्या आजोबांनी आमच्या घराच्या दाराची बिजागरीसुद्धा तपासली होती.

त्यांनी मला कुक्कुलं बाळ समजून नाव काढून टाकलं तर? अख्ख्या खानदानाच्या प्रत्येक कुलपाची जोडकिल्ली, म्हणजे तुम्ही घासून केलेली दुसरी किल्ली, तुमच्या बिस्किटाच्या डब्यात आहे. माझ्या सायकलच्या कुलपाचीही! आता परदेशातल्या खोलीचीही हवी का? कृपा करून आणखी कुणाला लिहू नका.

रागावलेय, पण नमस्कार करतेय.

भिंगरी

---

दि. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तिकडून उत्तर आलंय. टायपिंगवाल्याने ते छापून मराठीत वाचून दाखवलं. दोन दिवस ते गल्ल्यात ठेवून मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. सांगावं तर म्हातारा आड आला म्हणशील, न सांगावं तर मला तोंड दाखवता यायचं नाही.

वसतिगृहाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंनी चौदाही उत्तरं दिली आहेत. कडी आहे, दिवा आहे. चौदाव्याला त्या लिहितात की त्या सहा आठवड्यांत किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडे नसतो. सुट्टीत खोल्या आणि वर्ग एक कंपनी भाड्याने घेते. शिकवणारी माणसं कंपनीची, दाखला कंपनीचा. विद्यापीठाचे स्वतःचे मास्तर उन्हाळ्यात शाळेच्या मुलांना ऑनलाइनच शिकवतात.

कंपनी लबाड आहे असं मी म्हणत नाही. खोल्या भाड्याने घेणं गुन्हा नाही. पण पाटी एकाची आणि किल्ली दुसऱ्याची असेल, तर आत शिरणाऱ्याला ते ठाऊक हवं. आता मी काही बोलणार नाही. तुला तरीही जावंसं वाटलं तर जा. बॅगेला कुलूप मी देईन, चांगलं देईन.

उत्तर दे, नाहीतर माझा जीव टांगणीला लागेल.

आजोबा

---

दि. १८ एप्रिल

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग कंपनीला सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं, किल्लीवाल्या बाई म्हणतात तसंच आहे. माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरांत ते छापलंही होतं. दुसऱ्यांचे गुप्त निरोप फोडायला निघालेली मी, आणि उघड छापलेली ओळ वाचली नाही!

मग आणखी एक आठवलं. कंपनीने फक्त अर्ज भरून घेतला होता. ऑनलाइनवाल्यांनी पाच गणितं घातली होती, आणि माझ्या चौथ्या गणिताची रीत चुकलीय हे कुणीतरी हाताने लिहून कळवलं होतं. तिथे माझं गणित कुणीतरी खरंच वाचलंय. मी त्यांना हो कळवलं. माझी मैत्रीण कंपनीबरोबर जातेय, तिला देश बघायचाय. मला गणित शिकायचंय.

आता अडचण. वर्ग रोज सकाळी आठ ते अकरा, मोठ्याने बोलावं लागतं. आई रात्रपाळी करून तेव्हाच झोपते आणि आमच्या दोनच खोल्या. तुमच्या दुकानावरची खोली सहा आठवडे मिळेल का? तुम्ही विद्यापीठाला चौदा प्रश्न विचारलेत, मी तुम्हाला एकच विचारते. त्या खोलीची किल्ली कुणाकडे?

वाट पाहणारी,
भिंगरी

---

दि. २२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खोली झाडली. टेबलाचा पाय डुगडुगत होता, त्याला पाचर मारली. आठ ते अकरा किल्ल्या घासायचं यंत्र बंद राहील, गिऱ्हाइकांना तशी पाटी लावली आहे. पंख्याचा आवाज होतो का, वीज गेली तर काय, तिकडच्या मास्तरांना तुझं बोलणं समजेल का, या काळज्या आहेतच. त्या माझ्या, तू त्यात पडू नकोस.

दाराला नवीन कुलूप बसवलंय. किल्ली सोबत पाठवतो. मी ती फिरवून पाहिलेली नाही. पहिला फेरा मालकाने द्यायचा, ही आमच्या धंद्याची रीत.

डब्यात शोधू नकोस. हिची जोडकिल्ली मी केलेली नाही.

ये लवकर.

तुझा,
आजोबा