कापलेली फेरी

प्रिय वर्ना,

तुझं अ‍ॅपल-पायचं भांडं अजून माझ्याकडेच आहे. ते द्यायला दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो आणि चोरासारखा परत फिरलो. साठी उलटली माझी, पण तुला तोंड दाखवायची हिंमत होत नाही.

टाउन हॉलचं छत बर्फाने खचल्यापासून समोरासमोरच्या रांगांत जोडीने नाचायचा आपला कॉन्ट्रा नाच चर्चच्या तळघरात, आणि पुढची चाल माइकवरून हाक देऊन सांगणारा मी. पन्नासांच्या जागेत नव्वद माणसं. त्या शनिवारी मी दोनाच्या तीन रांगा केल्या, गिरक्या आखडत्या घ्यायला लावल्या. "ऑर्विल, श्वास तरी घेऊ देशील का रे?" तू रांगेतून ओरडलीस, सगळे हसले. मग जागा वाचवायला मी ऐन नाचात हाक बदलून अर्धी फेरी कापली, आणि मधली रांग कोलमडली. तू समोरच्या जोडीवर आदळलीस. फिडल थांबलं. मी माइकवरून म्हणालो, "ज्यांना वेळेत जागेवर पोचता येत नाही, त्यांनी बसून बघितलेलं बरं."

नाव घेतलं नाही. गरजच नव्हती, शस्त्रक्रिया झालेला गुडघा तिथे एकच होता, तुझा. "बरं बाबा," म्हणून तू भिंतीशी जाऊन बसलीस. आपल्याकडे कुणीही कुणालाही नाचायला विचारतं, पण पुढचे दोन शनिवार तुला कुणी विचारलं नाही. तिसऱ्या शनिवारी तू आलीच नाहीस. लोकांना मी सांगितलं, गुडघा दुखतोय तिचा.

आता खरं लिहितो. फेरी कापली की जोड्या पुढे सरकत नाहीत, त्यांना वेगळी हाक देऊन पुढच्या जोडीकडे न्यावं लागतं. हे तीस वर्षांपूर्वी तूच मला शिकवलंस. ती हाक द्यायला मी विसरलो. सगळे जागच्या जागी खिळले आणि तू एकटी, हाकेशिवाय, जायचं तिथे बरोबर गेलीस, म्हणून तर न हललेल्या जोडीवर आदळलीस. माझी चूक मला तोंड उघडायच्या आधीच कळली होती. तरी बोललो. फार लाज वाटते, वर्ना.

येत्या शनिवारी पहिल्या नाचाआधी हे सगळं माइकवरून सांगणार आहे, तू असलीस-नसलीस तरी. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. नाहीतर आपली आता इतरांना अडचण होते, असं समजून घरी बसशील. त्या दिवशी वेळेत जागेवर पोचलेली तू एकटीच होतीस.

तुझाच, तोंड लपवणारा,
ऑर्विल