ऑइल बघूनच निघ

प्रबुद्ध,

मी एसटीनं साताऱ्याला पुढं जातोय, दवाखान्यात प्रियंकाचं नाव लावून ठेवतो. सूनबाईचे दिवस भरलेत, तू तिला गाडीनं घेऊन ये.

निघायच्या आधी, इंजिन गार असताना ऑइल बघ. नवीन बांधलेलं इंजिन सुरुवातीला ऑइल खातं, तेही तुझ्यासारखं कुणाला न सांगता. पाचशे किलोमीटरला बोटभर उतरलंय. रोजचं माप मी कॅलेंडरवर मांडलंय. डबा डिकीत आहे.

गेल्या वर्षी दवाखान्यात नेताना घाटात इंजिन जाम झालं आणि तुझी आई गाडीतच गेली. ऑइल बघितलं नाहीस म्हणून मी चारचौघांत तुला लय बोललो. ऑइलचा तो लाल दिवा लागलेला मलाही दिसला होता. थांबलो तर उशीर होईल म्हणून गप्प बसलो.

आज लागला तर थांब.

आण्णा