सतरा नंबरची प्लेट

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे! प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, माणसं मोजून चार, आणि कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. माझ्यासारख्या माणूसघाण्याला आणखी काय हवं? प्रमुख बाई, त्यांच्या हाताखालचा एक संशोधक, मी, आणि काचसामान धुणारे काका. त्यांना सगळे बाटलीकाका म्हणतात. मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय.

दुपारी ताईचा फोन. बाळ अजून जेमतेम दोन किलोचं, पण नीट पितंय म्हणाली. दोनदा पदरी निराशा आल्यावर हे झालंय, त्यामुळे तिचा जीव सगळा त्यात. महिनाभर कुणाला जवळ येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी म्हटलं, मामाची चिंता नको, मामा वर्षभर फिरकणार नाही. दगड आहेस नुसता, म्हणाली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, तेव्हा तेवढा हक्क आहे तिला.

बुधवार, ५
काम मोठं गमतीचं आहे. सतरा नंबरच्या प्लेटवर जिवाणू वाढवायचे. त्या जिवाणूंच्या आत विषाणू राहतात. मला वाटायचं, विषाणू घुसला की जिवाणू फुटून मेलाच. तसं नाही. हा आत गपचूप पडून राहतो, एखाद्या भाडेकरूसारखा, आणि घरमालकालाच आपल्या तालावर नाचवतो. प्लेटच्या एका कडेला विषाणूवाले ठेवायचे आणि दुसऱ्या कडेला निरोगी. विषाणूवाले एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत, सरळ निरोगी जिवाणूंकडे निघतात आणि त्यांना चिकटून बसतात. मग आतला जागा होतो, आणि ते निरोगी शेजारी पटापट फुटतात. बाई म्हणाल्या, जिवाणूला वाटत असेल आपण हौसेनंच निघालोय. जिवाणूला काय वाटतं हे बाईंना कुणी सांगितलं, देव जाणे.

इथली एक पद्धत मला आवडली. रोज सकाळी झाकण उचलून प्लेटचा वास घ्यायचा. भेसळ झाली असेल तर सूक्ष्मदर्शकाआधी नाकाला कळते, असं बाईंचं म्हणणं. वीस वर्षं त्या हेच करतायत. बाटलीकाका तेवढे या भानगडीत पडत नाहीत, त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं. सतराला नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांसारखा वास येतो. मी दोनदा घेतला.

सोमवार, १०
कमाल आहे माझी! काल घरमालकांकडे तासभर गप्पा मारत बसलो. आज तिकिटाच्या रांगेत उगाचच उभा राहिलो, कुठे जायचं नसताना. पुढच्या माणसाच्या मानेजवळ त्याच्या अंगाची ऊब लागत होती, आणि मला ती बरी वाटत होती. एरवी मी लोकांपासून चार हात लांब असतो.

ताईला फोन करून विचारलं, बाळ बघायला कधी येऊ. बिचारी आनंदानं रडलीच. अजून थोडे दिवस थांब, म्हणाली.

गुरुवार, १३
बाईंनी वीस वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली. सासरी चालल्यात म्हणे, भरल्या घरात. संशोधक दुपारीच जुन्या मित्रांच्या मेळाव्याला पळाला. गंमत म्हणजे आम्ही तिघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाही. प्रत्येकाला बाहेर जायचंय.

बाटलीकाकांना मात्र मी कडकडून मिठी मारली. ते चाटच पडले. काय रे, लग्नबिग्न ठरलं का, असं विचारत होते.

शनिवार, १५
बाटलीकाका गेले.

परवा संध्याकाळी ताप भरला, आज पहाटे संपलं सगळं. त्यांची बायकोही दवाखान्यात आहे. मला काहीच झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. प्लेटवरचे विषाणूवालेही ठणठणीतच असतात.

विषाणू जिवाणूत. जिवाणू माझ्यात. रोज सकाळी नाकानं मीच आत घेतलाय त्याला.

रविवार, १६
बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शक्य आहे, म्हणाल्या. मागे पोरांचा दंगा, माणसांचं हसणं. मी ओरडलो, तिथून निघा. त्या म्हणाल्या, मला इथे फार बरं वाटतंय. आणि ठेवला फोन.

दवाखान्यात फोन करून विचारलं. लगेच या, म्हणाले. केवढी माणसं असतील तिथे! मन एकदम उडी मारून तयार झालं — म्हणूनच नाही गेलो. भीती वाटते. स्वतःचीच भीती वाटते.

सोमवार, १७
भानावर आलो तेव्हा बसमध्ये होतो. ताईच्या गावच्या. हातात बाळाचं टोपडं — कधी घेतलं आठवत नाही. वाटेतच उतरलो, चालत परत आलो.

मनात सारखी कारणं येतात. सगळी पटणारी. ओझरतं बघून येईन, दारातूनच. तोंड बांधून जाईन. एवढी वर्षं तिच्यासाठी काही केलं नाही. हे खरंच माझं प्रेम आहे का? मला तिची माया आहे, होतीच — पण ही ती नाही. का तीच आहे?

ताईला कळवलं, ताप आलाय, येत नाही. सुटलो.

मंगळवार, १८
कडी लावलीय. कपाट दाराला टेकवून ठेवलंय. खिडकीत जात नाही, खाली माणसं असतात.

चूक केली. केवढी चूक — तापाचं सांगायला नको होतं. लहानपणी मला ताप आला की ती रात्ररात्र उशाशी बसायची. ती घरी थांबेल होय! फोन लागत नाही तिचा. लागत नाही.

मंगळवार, दुपार
आली. जिन्यात तिची पावलं. बाळ रडतंय — अंगावर पितं, मागे कुणाकडे ठेवणार.

परत जा म्हणून ओरडलो. तिला वाटतंय तापात बरळतोय.

कपाट मी बाजूला केलं? मीच केलं असणार.

नाही उघडणार. नाही उघडणार. ती दाराशी बसलीय. रडते. म्हणते, बाळाला हात नको लावूस, नुसतं बघ, मामा आहेस ना.

कडी गार आहे. हात कडीवर आहे आणि मी लिहितोय, म्हणजे अजून मी

नुसतं बघायला काय