हार्टविगची पेटी

प्रिय बहीण ओलीने,

आईचा गुडघा कसा आहे? गुड्रूनचा खोकला गेला का? आणि तू, दोन घास खातेस ना?

माझं ठीक चाललंय. बर्फाच्या समुद्रातला कॉड मासा यंदाही विणीला इथे लोफोटेनला उतरलाय, इतका की जाळी ओढवत नाहीत. दिवसभर मासे चिरतो. हात गारठलेत की नाहीत, तेही कळत नाही.

तार मिळालीच असेल. तुझ्या नवऱ्याची, हार्टविगची होडी वादळानंतर परतलेली नाही. न परतलेल्याची सामानाची पेटी घरी धाडायचा इथला रिवाज, म्हणून काल आमच्या होडीवरची माणसं ती टपालाच्या बोटीवर चढवायला आली. मी पेटीवर बसून राहिलो.

त्यांतला टोरगेर म्हणाला, "म्हातारबा, अंडी उबवताय का? उठा, बोट सुटेल."

म्हटलं, "सुटू दे. बहिणीला विचारल्याशिवाय पेटी हलायची नाही."

बोट गेली. पेटी माझ्या खाटेखाली आहे. कुणी उघडलेली नाही. किल्ली हार्टविगच्याच खिशात आहे.

पेटी धाडू, की अजून राहू देऊ? तू म्हणशील तसं. लवकर लिही गं.

तुझा दादा,
एलिआस