उलटलेली टाळी

बाबा, मी अजूनही तिच्यावर जळते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, माझा चाळिशीचा चष्मासुद्धा आता जुना झाला, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, पण हे एक दुखणं काही उतरलं नाही. तुमची विश्रांतवाडीची शिष्या! तिचा विषय निघाला की तुमचा चेहरा कसा उजळायचा, ते मला अजून दिसतं आणि अजून पोटात दुखतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ‘पोर किती समजूतदार झाली’ असलं काही तुम्ही मनात आणणार नाही.

आता आम्ही दोघी काय करतो हे ऐकलंत तर हसाल. दिवसा मी खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत, ती सरकारी ऑफिसात, आणि उरलेल्या वेळात दोघी तुमचाच उद्योग पुढे चालवतो. पनामाचा तो विद्यार्थी घरी परतताना वजन नको म्हणून रेकॉर्डची पेटी तुमच्या दुकानात सोडून गेला होता ना, त्यातली साल्साची गाणी तुम्ही डेक्कनवरच्या डान्स क्लाससाठी कॅसेटवर लांबवून द्यायचात. पॉज बटणावर बोट ठेवायचं, नाचायला बरा तो तुकडा दोनदा-तीनदा जोडायचा, गायक पाल्हाळ लावायला लागला की त्याला गाळायचं. आता हेच लॅपटॉपवर करतात आणि त्याला रीमिक्स म्हणतात. पुण्यात आता दर आठवड्याला कुठे ना कुठे साल्सा नाचायला माणसं जमतात, बाणेरला, कोरेगाव पार्कात. बहुतेक आयटीतली पोरं. त्यांना गाणं जुनंच हवं असतं, पण बेस दणदणीत हवा, सुरुवात झटपट हवी आणि वेग शेवटपर्यंत सारखा हवा. जुन्या रेकॉर्डमधले वादक रंगात आले की पळत सुटायचे, ते आजच्या पायांना झेपत नाही. मग आम्ही त्यांना लगाम घालतो आणि खालून नवा ठेका भरतो. तुम्ही आधी कपाळाला हात लावला असतात आणि मग ‘दाखव बरं’ म्हणून खुर्ची पुढे ओढली असतीत.

ती दुकानात आली तो पहिला दिवस मला तासातासाने आठवतो. बुधवार पेठेतलं आपलं दुकान, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. लग्नसराईत तुम्ही ऑर्केस्ट्रात काँगो वाजवायचात, एरवी टेप आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचात, आणि मधल्या वेळात सहा महिने मला ती तीन-दोनची टाळी शिकवत होता. साल्साचं अख्खं गाणं त्या पाच ठोक्यांवर उभं असतं. आधी तीन, मग दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन. तिकडे तिला क्लावे म्हणतात. ती कुणी वाजवो न वाजवो, गाण्यात असतेच, आणि बाकी सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. कॅसेट जोडताना चार मात्रा, म्हणजे टाळीचा अर्धा फेरा, कमीजास्त झाल्या आणि तीनच्या जागी दोन आले, की तुम्ही म्हणायचात, “टाळी उलटली.” मला ती उलटलेली कळायची नाही आणि सुलटीही कळायची नाही. तर त्या दिवशी तिचे वडील येतात, भीमगीतांच्या पार्टीचा ॲम्प्लिफायर घेऊन; जयंतीच्या कार्यक्रमात जळलेला. बरोबर ही, बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या. तुम्ही रेकॉर्ड लावून स्पीकर तपासताय. अर्धं गाणंसुद्धा झालेलं नाही आणि ही काउंटरच्या काचेवर बोटांनी वाजवायला लागते. तीन, दोन. तीन, दोन. तुमच्या हातातली सोल्डरिंग गन तशीच हवेत थांबते.

“परत वाजव गं.”

ती घाबरून हात मागे घेते.

“काच फुटत नाही. वाजव.”

ती वाजवते. तुम्ही गाण्याचा आवाज पार बंद करता, तिला तशीच चालू ठेवता, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज वाढवता, तर ही गाण्याबरोबर जिथल्या तिथे! “कुणी शिकवलं?” तुम्ही विचारता. “कुणी नाही काका, गाण्यातच आहे की.” तुम्ही मोठ्याने हसलात. मी त्याच दुकानात, तुमच्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसले होते. ती ढोलकी आणि टाळ्यांच्या घरात वाढली, तिला सोपंच जाणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत फार दिवस पुरली नाही, कारण मी तर तुमच्या घरात वाढले होते.

नारायण पेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरातही तुम्ही माझा पिच्छा सोडला नव्हता. आई पोळ्या लाटायची, तुम्ही ओट्याला टेकून उभे, टेपवर गाणं लावलेलं, आणि मी समोर हात पुढे करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. “तू मोजतेस. ओठ हलतात तुझे. मोजायचं नसतं, ऐकायचं असतं.” मी ओठ घट्ट मिटून आत मोजायला लागले, तेही तुम्हाला कळलं. शेवटी एके दिवशी तुम्ही टेप बंद केलात आणि म्हणालात, “तुझं गणित चांगलं आहे. त्याच्याकडे लक्ष दे.” आई म्हणाली, “अहो, काय हे बोलणं पोरीला!” तर तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, “का? गणिताला वाईट म्हणालो का मी?” झालं, संपला विषय. पुढच्या रविवारपासून ती आपल्या घरी शिकायला यायला लागली. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि तुम्ही तिला देत असलेली एकेक शाबासकी ऐकायची. त्या मात्र मला बरोबर ऐकू यायच्या. मी दहावी झाले तेव्हा तुम्ही मला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणलात. दोन वर्षांनी ती दहावी झाली, तेव्हा रेकॉर्डची ती अख्खी पेटी स्वतः उचलून तिच्या रिक्षात ठेवलीत. मी गॅलरीतून बघत होते. आईला म्हटलं, बरं झालं, घरातली अडगळ गेली. खोटं बोलले. मला ती पेटी हवी होती, बाबा.

तुमचा एक नियम मात्र तिने माझ्यापेक्षा जास्त इमानाने पाळला. जोडलेली कॅसेट दुसऱ्या कुणीतरी ऐकल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. जोडणाऱ्याच्या डोक्यात मूळ गाणं इतकं मुरलेलं असतं की गळालेला तुकडा त्याचा कान स्वतःच भरून घेतो आणि चूक ऐकूच येत नाही, असं तुमचं म्हणणं. तुम्ही गेल्यावर ती प्रत्येक नवं रीमिक्स आधी मला पाठवायला लागली. सोबत दोनच शब्द: “ताई, ऐका.” मीच का, हे मी कधी विचारलं नाही. मी ऐकून कळवायची, बेस कमी कर, सुरुवात लांबलीय, असलं काहीतरी. टाळीबद्दल बोलायची वेळच आली नाही, कारण ती कधी चुकलीच नाही. तिचे ट्रॅक आज बंगळूरला वाजतात, गोव्याला वाजतात. ती जुन्या गाण्याचा वेग बांधते, पण कुठेतरी चिमूटभर सैल सोडते, आणि नाचणाऱ्यांना ते गाणं जिवंत वाटतं. माझं काम ऐकून लोक म्हणतात, “एकदम क्लीन असतं हं तुमचं.” क्लीन! भांडी घासल्यासारखं. मी हसून थँक यू म्हणते आणि घरी येऊन तिचा ट्रॅक काढून एकेक ठोका तपासते, कुठे काही सापडतंय का बघत. वर्षानुवर्षं तपासतेय आणि कधी काही सापडलं नाही.

गेल्या महिन्यात तिने एक नवा ट्रॅक पाठवला. तुमच्या पेटीतलंच गाणं, ज्याच्या मधल्या भागात कोरस आणि पियानो एकमेकांना उत्तरं देत राहतात. पुढच्या रविवारी संध्याकाळी बाणेरच्या हॉलवर मोठा कार्यक्रम होता, मुंबई-बंगळूरचे डान्स शिकवणारे येणार होते, आणि तिथे ती हे पहिल्यांदा वाजवणार होती. मी मटार सोलत बसले होते, फोन डब्याला टेकवून लावला. लक्षसुद्धा नव्हतं. आणि गाणं निम्म्यावर आलं तशी माझी बोटं शेंगेवर थांबली. जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं वाटलं. मागे घेऊन पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच थांबले. तीनच्या जागी दोन. टाळी उलटली होती! बाबा, मी उठून उभी राहिले, मांडीवरचे मटार घरभर. इतका आनंद झाला की मला खरंच तुम्हाला हाक मारावीशी वाटली. मग लॅपटॉपवर मोजून खात्री केली. रेकॉर्डवरचा ओरखडा काढताना तिच्या हातून चार मात्रा गळाल्या होत्या, आणि गाणं पाठ असल्यामुळे तिच्या कानाने त्या परस्पर भरून घेतल्या होत्या. तिला ऐकू आलं नव्हतं आणि मला आलं होतं. दोन मिनिटांत दुरुस्त होणारी गोष्ट. मी फोन उचलला आणि लिहिलं, “एक नंबर झालंय. काहीही बदलू नकोस.”

नुसतं एक नंबर म्हणून थांबले असते तर निदान विसरले, राहून गेलं, अशी सबब तरी सांगता आली असती. ‘काहीही बदलू नकोस’ हे मी मुद्दाम, शुद्धीवर राहून लिहिलं. मधे चार दिवस होते. चारही दिवस फोन माझ्या हातात होता.

रविवारी हॉल भरला. मी भिंतीशी समोशाची प्लेट घेऊन उभी होते. तिने ते गाणं लावलं, आणि सुरुवातीलाच चाळीस जोड्या उतरल्या. मग ती जागा आली. सगळ्यांचे पाय एकदम अडखळले, कुणी कुणाचा पाय तुडवला, एक मुलगी जोडीदाराला म्हणाली, “अरे, तू वन चुकवलास, पहिली स्टेप!” तो म्हणाला, “मी कुठे, तूच!” बंगळूरहून आलेला शिक्षक चक्क थांबला आणि डीजेच्या टेबलाकडे बघायला लागला. तिचा चेहरा पांढरा पडला. हाच चेहरा बघायला मी आले होते, तो मला मिळाला. जेमतेम श्वासभर. मग तिने गाण्याचा आवाज पार खाली नेला, माईकजवळ हात धरले आणि टाळी वाजवायला लागली. तीन, दोन. तीन, दोन. आधी दोघंचौघं, मग सगळा हॉल तिच्याबरोबर टाळी वाजवायला लागला, आणि तिने नेमक्या जागी गाणं असं वर आणलं की लोक ओरडलेच. उरलेलं गाणं माणसं वेड्यासारखी नाचली. नंतर दोघांनी तर तिला विचारलं, ते मधलं मुद्दाम ठेवलंस का? तिची चूकसुद्धा माझ्या आयुष्यभराच्या कामापेक्षा बरी निघाली.

ती दोन चहा घेऊन बाहेर पायऱ्यांवर माझ्याशेजारी येऊन बसली. “सॉरी ताई,” ती म्हणाली. “चार मात्रा खाल्ल्या मी. आणि तुमच्यावर भरवसा टाकून मोकळी झाले. तुम्हाला उगाच अपराधी वाटायला नको.”

“मला तरी कुठे ऐकू आलं,” मी म्हणाले. इतकं सहज तोंडातून गेलं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. “असू दे हो. मला माहीतच होतं, तरी विसंबले. काकांनी सांगितलेलं.”

“काय सांगितलेलं?”

“हॉस्पिटलमध्ये, शेवटी शेवटी. म्हणाले, माझ्या पोरीला टाळी ऐकू येत नाही. पण तू काहीही केलंस तरी आधी तिला ऐकव. ती तुला कधी खोटं सांगणार नाही.”

हेसुद्धा तिलाच सांगितलंत! मी रोज डबा घेऊन यायची, उशाशी बसायची, तुमचे पाय चेपायची. तेव्हा मला एकदा म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? माझ्याविषयी बोललेलं एवढं एकच चांगलं वाक्य, आणि ते तुम्ही तिच्याकडे ठेवलंत. तिने एकोणीस वर्षं त्यावर विश्वास ठेवला. मी चहा संपवला, तिला म्हटलं, छान सावरलंस हो, आणि रिक्षा करून घरी आले.

आता तिला मी काय सांगू? आलं होतं ऐकू, असं सांगितलं तर तुमचं ते वाक्य तिच्या हातून काढून घ्यावं लागेल. म्हणून मी बहिरी राहायचं ठरवलंय. तिला ते खरं वाटतं, तिला माझी कीवही येते, ती कीव मी रोज गिळते. हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, वाचून झालं की फाडीन. पण एकदा तरी कुणाला सांगायलाच हवं होतं, आणि ज्याला त्याचं अप्रूप वाटलं असतं असे तुम्ही एकटेच. बाबा, मला ऐकू आलं. न मोजता, पहिल्याच खेपेला.